वेदना लपवू नका : यकृताच्या कर्करोगातील वेदनाशमनाविषयी



भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात. काही वर्षांपूर्वी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही या रस्त्याने जात असू. मोरव्यातील एका घरात एक वडीलधारे गृहस्थ अंथरुणाला खिळले होते. यकृताच्या कर्करोगावर त्यांची केमोथेरपी चालू होती. प्रार्थना आटोपल्यावर घरची मंडळी चहा करायला आत गेली, तेव्हा त्यांनी उशीखालून गोळ्यांचे एक पाकीट काढून आम्हांस दाखवले. त्या मॉर्फिनच्या गोळ्या होत्या आणि त्यांतील एकही घेतलेली नव्हती.

"फादर, ही शेवटची गोळी असते असे म्हणतात. ती घेतली की संपले. आणि प्रभूने क्रुसावर एवढे सोसले, मग मी एवढेही सोसू नये का?"

आपल्याला किती दुखते हे त्यांनी घरी कोणालाच सांगितले नव्हते. मुलाचा रोज बुडेल आणि दुखणे वाढले म्हणून डॉक्टर पुढची केमो थांबवतील, या दोन भीतींनी ते रात्र रात्र दात आवळून जागत होते.

त्या दिवशी आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. त्यांच्या प्रश्नात वैद्यकशास्त्रही होते आणि श्रद्धाही होती. त्यानंतर डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनी यांच्याशी बोलून व वाचन करून जे समजले, ते आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्याचे धैर्य त्यातून मिळावे, एवढाच आमचा हेतू आहे.

वेदना येते कोठून?

यकृत पोटाच्या वरच्या भागात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. यकृताच्या आतील भागाला वेदना जवळजवळ कळतच नाही. परंतु त्याच्याभोवती एक पातळ आवरण असते आणि ते अतिशय संवेदनशील असते. गाठ वाढून यकृत फुगले की हे आवरण ताणले जाते व उजव्या बरगडीखाली जड, सतत ठणकणारे दुखणे सुरू होते. कधीकधी हे दुखणे पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाणवते. यकृताच्या लगत असलेल्या श्वासपटलाच्या मज्जातंतूचे मूळ मानेत असल्यामुळे असे होते. घरची माणसे मात्र खांदा अवघडला असेल असे समजून तेल चोळत राहतात आणि मूळ कारण डॉक्टरांच्या कानावर जातच नाही.

पोटात पाणी साठल्यामुळे येणारा ताण वेगळा असतो. ते पाणी सुईने काढले की रुग्णाला बराच आराम पडतो. रोग हाडात पसरला असेल तर हाड दुखते आणि त्यावर किरणोपचार चांगला उपयोगी पडतो. काही वेळा त्याची एकच मात्रा पुरेशी ठरते. वेदनेचे कारण बदलले की तिचा उपायही बदलतो. म्हणून केवळ "दुखते" असे न सांगता कोठे दुखते, कसे दुखते, केव्हा वाढते व कशाने कमी होते हे सांगणे महत्त्वाचे असते.

उपचारांमुळे होणारा त्रास

यकृताचा कर्करोग दोन प्रकारचा असतो. एक यकृतातच सुरू होतो आणि दुसरा आतडे, स्तन अशा अन्य अवयवांतून यकृतात पसरतो. दुसऱ्या प्रकारात शिरेतून दिली जाणारी नेहमीची केमोथेरपी सर्रास वापरली जाते. पहिल्या प्रकारात पुष्कळदा मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन औषध थेट गाठीत सोडतात व तिचा रक्तपुरवठा बंद करतात. काही रुग्णांना सोराफेनिबसारख्या गोळ्या दिल्या जातात, तर अलीकडे प्रतिकारशक्तीला चालना देणारी इंजेक्शनेही वापरात आली आहेत.

यातील प्रत्येक उपचाराचा त्रास निराळा असतो. नळीवाटे केलेल्या उपचारानंतर काही दिवस पोट दुखते, मळमळते आणि ताप येतो. सोराफेनिबमुळे तळहात व तळपाय लाल होऊन सोलवटतात. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि थंड वस्तूला हात लावताच झिणझिण्या उठतात. अशा रुग्णाला फ्रीजमधील पाणी देऊ नये. तोंडात फोड आले तर तिखट, आंबट व कढत पदार्थ टाळावेत आणि कोमट पाण्यात मीठ किंवा खाण्याचा सोडा घालून वारंवार गुळण्या कराव्यात. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी इंजेक्शन दिले असेल तर कंबरेची व मांड्यांची हाडे ठणकतात. हे दुखणे सहसा थोड्या दिवसांत ओसरते. परंतु ते कशामुळे होते हे ठाऊक नसले तर रोग हाडात गेला या शंकेनेच माणूस अर्धा होतो.

दुखणे सांगितले तर केमो थांबेल का?

मोरव्याच्या त्या गृहस्थांची ही भीती आम्ही अनेक घरांत पाहिली आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. पुढची केमो द्यावी की नाही हे ठरविताना डॉक्टर रक्ताच्या तपासण्यांबरोबरच रुग्णाची ताकद पाहतात. तो चालतो का, जेवतो का, दिवसाचा किती वेळ अंथरुणात असतो, असे प्रश्न ते विचारतात. वेदनेने ज्याची झोप गेली त्याची भूकही जाते, वजन उतरते, आणि असा रुग्ण केमो सोसण्याच्या स्थितीत राहत नाही. ज्या उपचारासाठी आपण वेदना लपवितो, तोच उपचार लपविलेल्या वेदनेमुळे हातचा जाऊ शकतो. औषधामुळेच त्रास होत असेल तर त्याची मात्रा कमी करता येते किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवता येते. मात्र त्यासाठी डॉक्टरांना त्रास कळला पाहिजे.

वेदनाशमनाची पद्धत

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी एक सोपी पद्धत जगापुढे मांडली. तिला वेदनाशमनाची शिडी असे म्हणतात. सौम्य वेदनेला पॅरासिटॅमॉलसारखे साधे औषध, मध्यम वेदनेला त्याहून प्रभावी औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. तीव्र वेदना असलेल्या रुग्णाला खालच्या पायऱ्यांवर ताटकळत ठेवण्याची गरज नसते, हे आता सर्वमान्य झाले आहे. पायऱ्यांइतकेच महत्त्वाचे असे दोन नियम तिने घालून दिले. शक्यतो औषध तोंडाने द्यावे आणि ते घड्याळाच्या काट्यावर द्यावे.

हा दुसरा नियम आपल्या घरांत सर्वाधिक मोडला जातो. "आता दुखत नाही ना, मग गोळी कशाला?" असे म्हणून औषध चुकविले जाते. वेदना एकदा वर चढली की तिला खाली आणण्यास अधिक औषध व अधिक वेळ लागतो. म्हणून आधीच्या औषधाचा परिणाम ओसरण्यापूर्वी पुढची मात्रा घ्यावयाची असते. मधेच कळ उठली तर त्यासाठी डॉक्टर वेगळी जादा मात्रा लिहून देतात. ती किती वेळा घ्यावी लागली याची नोंद ठेवावी.

गोळ्यांनी भागत नसेल तर इतरही मार्ग आहेत. यकृताचे आवरण ताणल्याने होणाऱ्या वेदनेवर काही रुग्णांना डेक्सामेथासोनसारखे सूज उतरविणारे औषध देतात. मज्जातंतूंच्या झिणझिण्यांसाठी वेगळ्या गोळ्या असतात. पोटाच्या वरच्या भागातील वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर इंजेक्शन देऊन ती वाट बंद करता येते. कातडीवर चिकटविण्याच्या फेंटानिलच्या पट्ट्याही मिळतात.

यकृत आजारी असताना विशेष सावधगिरी

आपण घेतो त्यातील बहुतेक औषधांची विल्हेवाट यकृत लावते. तेच आजारी असले की औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. म्हणून शेजारच्या रुग्णाला लागू पडलेली मात्रा आपल्या रुग्णाला घातक ठरू शकते.

औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. त्यांमुळे पोटात रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडांना इजा पोहोचण्याचा धोका असतो. पॅरासिटॅमॉल तुलनेने सुरक्षित असले तरी त्यालाही मर्यादा आहे. यकृताच्या रुग्णाला दिवसाला दोन ग्रॅमहून, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांहून अधिक पॅरासिटॅमॉल पुष्कळ डॉक्टर देत नाहीत. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत तेच औषध असते, हेही ध्यानात ठेवावे. झाडपाल्याची औषधे, काढे व भस्मे डॉक्टरांपासून लपवून देऊ नयेत. त्यांतील काही यकृताला थेट इजा करतात.

मॉर्फिन देतानाही अशा रुग्णाला डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात व दोन मात्रांमधील अंतर वाढवितात. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता हमखास होते. यकृताच्या रुग्णात ती साधी तक्रार राहत नाही. मल आतड्यात साचून राहिला की त्यातील विषारी द्रव्ये रक्तात शिरतात, आजारी यकृत ती निवारू शकत नाही आणि त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. म्हणून मॉर्फिनबरोबर लॅक्ट्युलोजसारखे पोट साफ ठेवणारे औषध पहिल्या दिवसापासून लागते. ते बंद करू नये.

पुढील लक्षणे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास. बोलण्यात असंबद्धता, हात थरथरणे वा जागे करूनही नीट जाग न येणे. श्वास फार मंदावणे. पोटात एकाएकी असह्य कळ येणे. केमोथेरपी चालू असताना ताप मोजण्याआधीच पॅरासिटॅमॉल दिले तर ताप झाकला जातो व गंभीर जंतुसंसर्ग उशिरा लक्षात येतो. म्हणून आधी तापमापक, मग गोळी.

मॉर्फिन म्हणजे अखेर नव्हे

मॉर्फिन ही शेवटची गोळी आहे, हा समज कोठून आला? पूर्वी ते अगदी अखेरच्या दिवसांतच दिले जात असे आणि त्यानंतर रुग्ण जाई. मृत्यू रोगाने येई, दोष मात्र औषधाच्या माथी बसे. योग्य मात्रेत व देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन आयुष्य तोडीत नाही. उपचार चालू असताना कित्येक रुग्ण ते काही काळ घेतात आणि गाठ आकसून वेदना कमी झाली की डॉक्टर ते हळूहळू बंदही करतात. एकाएकी मात्र ते कधीही थांबवू नये.

दुसरी भीती व्यसनाची. औषधाची शरीराला सवय होणे आणि नशेची ओढ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फिन घेणाऱ्यांमध्ये व्यसन क्वचितच आढळते. पहिल्या काही दिवसांत सुस्ती व मळमळ वाटते, ती बहुधा आपोआप कमी होते.

या भीतीला आपल्या देशातील कायद्याचाही हातभार लागला. मॉर्फिन ज्या अफूपासून बनते ती मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे इतके अडथळे उभे केले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि आपल्याच भूमीत पिकणारे औषध आपल्याच रुग्णांना दुर्मीळ झाले. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर २०१४ साली या कायद्यात सुधारणा झाली व मान्यताप्राप्त संस्थांचा मार्ग मोकळा झाला. तरीही कोपऱ्यावरच्या दुकानात मॉर्फिन सहसा मिळत नाही. म्हणून सणासुदीच्या सुट्ट्यांपूर्वी ते पुरेसे आहे ना हे पाहून घ्यावे, घरात कुलपात ठेवावे आणि उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत कराव्यात.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्रभूने क्रुसावर सोसले, मग आम्ही का सोसू नये?

२४ फेब्रुवारी १९५७ रोजी परमगुरू पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी हाच प्रश्न ठेवला होता. वेदनाशामक नाकारून वेदना सोसणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे काय? असे सर्वसाधारण कर्तव्य नाही, असे पोप महोदयांनी स्पष्ट केले. कोणी स्वेच्छेने काही वेदना प्रभूला अर्पण करू इच्छीत असेल तर तो त्याचा स्वतंत्र निर्णय होय. तो कोणावर लादता येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही (परिच्छेद २२७९) हीच भूमिका आहे. मृत्यू घडविण्याचा हेतू नसेल, तर आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही मरणासन्न रुग्णाला वेदनाशामक देणे नीतीला धरून आहे. वेदना हलकी करणारी शुश्रूषा हे निःस्वार्थ प्रीतीचे एक विशेष रूप आहे, असे ख्रिस्तसभा मानते. त्याच वेळी इच्छामरण तिला मान्य नाही. या दोहोंत गल्लत होऊ नये.

प्रभू येशूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हे शुभवर्तमानात आहे. परंतु त्याच शुभवर्तमानात तो आजाऱ्यांना स्पर्श करून बरे करतो, आणि त्यांतील एकालाही वेदना सोसत राहा असे सांगत नाही. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला धीराचा उपदेश केला नाही. त्याने आधी जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्टी बांधली आणि पुढच्या खर्चाची सोय केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ च्या आपल्या दुःखसहनाविषयीच्या पत्रात शेवटी याच शोमरोनी माणसाकडे आपले लक्ष वेधले आहे. क्रुसावर प्रभूने आपली तहान बोलून दाखविली. आपले दुखणे सांगण्यात श्रद्धेचा कमीपणा असता, तर त्याने ती सांगितली नसती.

वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला जपमाळही धड म्हणता येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. वेदना शमली की तोच माणूस प्रार्थना करतो, नातवंडांशी बोलतो, रुसलेल्या भावाला बोलावून घेतो.

मदत कोठे मिळते?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे वेदना व रुग्णाला होणारा अन्य त्रास यांसाठी स्वतंत्र पॅलिएटिव्ह मेडिसिन विभाग आहे. कर्करोगाचा उपचार चालू असतानाही तेथे जाता येते. किंबहुना लवकर गेलेले बरे. या विभागाचे पथक घरी भेटीही देते. ती सेवा आपल्या पत्त्यापर्यंत येते का, हे तेथेच विचारून घ्यावे. भाईंदरहून लोकलने जाताना अपंगांच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवावेत. लांबच्या प्रवासापूर्वी जादा मात्रा घ्यावी का, हेही डॉक्टरांना विचारावे.

रोग फार पुढे गेला असेल आणि घरी शुश्रूषा अशक्य झाली असेल, तर वांद्रे येथे माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली सुरू झालेली ही भारतातील पहिली अशी संस्था. सर्व धर्मांच्या रुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते आणि त्या सेवेत धर्मभगिनींचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या वारजे भागातील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून असेच कार्य करीत आहे.

घरच्यांनी काय करावे?

एक साधी वही करावी. सकाळी, दुपारी व रात्री रुग्णाला विचारावे, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून अधिक असूच शकत नाही, तर आता किती?" तो आकडा, औषधाची वेळ, शौचास झाली की नाही व झोप किती लागली, एवढे लिहावे. डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या भेटीत ही वही जे सांगते ते घाबरलेल्या माणसाला सांगता येत नाही. वडीलधाऱ्या माणसांना "दुखते का?" असे विचारले तर ती "नाही" म्हणतात. "रात्री कूस बदलता आली का?" असे विचारावे.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णसदन स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी संपूर्ण वेदना हा विचार मांडला. शरीराच्या वेदनेत मनाची, कुटुंबाची व आत्म्याची वेदना मिसळलेली असते. खर्चाची चिंता, मुलीचे राहिलेले लग्न, जुना अबोला यांवर मॉर्फिन चालत नाही. तेथे शेजारी, नातलग व धर्मगुरू यांचे काम सुरू होते. केरळात १९९३ पासून कोळिकोड येथून सुरू झालेल्या चळवळीत सामान्य माणसे शिकून शेजारच्या रुग्णांची सेवा करतात. आपल्या धर्मग्रामांतही चार माणसे एका रुग्णाला परळला नेण्या-आणण्याची पाळी वाटून घेऊ शकतात, म्हणजे मुलाचा रोज बुडणार नाही. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवू नये. गंभीर आजार सुरू होताच धर्मगुरूंना बोलवावे.

मोरव्याचे ते गृहस्थ पुढे वेदना विभागात गेले. आम्ही त्यांच्या मुलाशी बोललो, मुलगा डॉक्टरांशी बोलला. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा ते ओटीवर खुर्चीत बसले होते. रोग बरा झाला नव्हता आणि पुढे त्या रोगानेच ते गेले. पण मधले कित्येक महिने ते रात्री झोपले, केमो घेऊ शकले आणि नाताळला नातवंडांसोबत गोठा करायला बसले. आम्हांस पाहून ते एवढेच म्हणाले, "फादर, आधीच सांगायला हवे होते."

आपल्या घरात, आपल्या शेजारी कोणी असे दात आवळून पडले असेल, तर त्याच्या उशाशी बसून त्याला विचारा. प्रभू येशू आपल्या सर्व आजारी बंधुभगिनींना शांत झोप देवो आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या हातांना बळ देवो.